बेळगावात जन्मलेला गालिच्यांचा वकील : डॉ. जॉर्ज बर्डवुड

मुंबईत राणीच्या बागेत शिरलं की लगेच एक जुनं म्युझियम लागतं. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याच्या आवारात काळ्या दगडाचा एक भला मोठा हत्ती उभा आहे. पोरं त्याच्यापुढे फोटो काढतात आणि वाघ-पेंग्विन बघायला पुढे पळतात. म्युझियमला ज्यांचं नाव आहे ते भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या पेडण्याकडच्या मांद्र्याचे, हे गोंयकारांना ठाऊक असतं. पण ते उभं राहावं म्हणून त्यांच्या जोडीला खपलेला दुसरा डॉक्टर बेळगावात जन्मला होता, हे खुद्द बेळगावात फारसं कुणाला माहीत नाही.

त्याचं नाव जॉर्ज क्रिस्टोफर मोल्सवर्थ बर्डवुड. पुढे सर झाला, लंडनला गेला, सरकारी खुर्चीवर तीस वर्षं बसला. त्या खुर्चीत बसून त्याने एका गोष्टीसाठी सरकारशी आणि विलायती व्यापाऱ्यांशी सतत वाद घातला. ती गोष्ट म्हणजे हिंदुस्थानातला हाताने विणलेला गालिचा.

गालिच्यासाठी कसला वाद, असं वाटेल. पण तो वाद खरा होता पोटाचा. मच्छलीपट्टण, वरंगळ, विजापूर या आपल्याच आजूबाजूच्या गावांतल्या मागांचा. तो वाद कसा उभा राहिला आणि त्यात बर्डवुड कुठे बरोबर होते, कुठे चुकले, ते बघण्यासारखं आहे.

बेळगाव ते मुंबई

बर्डवुड यांचा जन्म ८ डिसेंबर १८३२ चा. पेशवाई जाऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती. बेळगावचा किल्ला कंपनी सरकारच्या हातात होता आणि गावात लष्कराची वस्ती वाढत होती. वडील क्रिस्टोफर बर्डवुड कंपनीच्या फौजेत, पुढे जनरल झाले. आई लिडिया ही रेव्हरंड जोसेफ टेलर यांची मुलगी. हे टेलर लंडन मिशनरी सोसायटीचे, १८२० पासून बेळगावात मिशन चालवणारे. म्हणजे आजोळही बेळगावचंच. धाकटा भाऊ हर्बर्ट पुढे मुंबई हायकोर्टाचा न्यायाधीश झाला आणि हर्बर्टचा मुलगा विल्यम, जो खडकीत जन्मला, तो तर फील्ड मार्शल होऊन हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. घराणं असं इथल्या मातीत दोन-तीन पिढ्या रुजलेलं होतं.

शिक्षण मात्र विलायतेत. प्लिमथला शाळा, मग एडिंबरा विद्यापीठातून १८५४ मध्ये डॉक्टरकीची पदवी. त्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय खात्यात रुजू झाले. १८५६-५७ च्या इराणच्या मोहिमेवर फौजेबरोबर जाऊन आले आणि नंतर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले.

हा माणूस एका कामात मावणारा नव्हता. मुंबई विद्यापीठाचं रजिस्ट्रारपद, एशियाटिक सोसायटीचं चिटणीसपद, बागबगिच्याच्या मंडळाचं काम, शहराचं शेरीफपद, असं सगळं त्यांनी सांभाळलं. वनस्पतींचा नाद तर इतका, की मुंबई इलाख्यात पिकणाऱ्या आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या मालाची एक मोठी यादी त्यांनी १८६२ मध्ये छापली. ऊद, धूप, डिंक, रंगाची मुळं, साली, तेलबिया असा तो सगळा माल. कुठली वस्तू कुठून येते, कोण ती तयार करतो, बाजारात तिचं काय होतं, हे बघायची सवय त्यांना या कामातून लागली. पुढे गालिच्याकडेही त्यांनी याच नजरेने पाहिलं.

रस्त्यावर आलेलं म्युझियम

मुंबईत तेव्हा एक सरकारी म्युझियम होतं, फोर्टातल्या बराकीत. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली. म्युझियम घाईघाईने रिकामं करण्यात आलं आणि वस्तूंची वाताहत झाली. जे काही शिल्लक होतं ते बर्डवुड यांच्या ताब्यात आलं. १८५८ मध्ये त्यांना क्युरेटर नेमलं गेलं.

त्यांनी भाऊ दाजींना बरोबर घेतलं. जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून अशी शहरातली वजनदार माणसं पुढे आली. सभा झाल्या, वर्गणी गोळा झाली, आणि १८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्याला नव्या इमारतीची पायाभरणी झाली. शेजारीच व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग.

तेवढ्यात मुंबईचं नशीब फिरलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव आकाशाला भिडला होता, शहरात पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये ती लढाई संपली आणि शेअरबाजार कोसळला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. म्युझियमचं काम रखडलं. शेवटी सरकारने पैसा घालून ते पुरं केलं आणि २ मे १८७२ ला दरवाजे उघडले. पण बर्डवुड तेव्हा मुंबईत नव्हते. तब्येत ढासळल्यामुळे १८६८ मध्ये त्यांना विलायतेला परतावं लागलं होतं.

तो दगडी हत्तीही याच दिवसांतला. घारापुरी बेटाला इंग्रजीत एलेफंटा म्हणतात ते याच्याच नावावरून. १८६४ मध्ये तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो खाली पडला आणि फुटला. तुकडे मुंबईला बागेत आणून ठेवले गेले आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून बर्डवुड यांनी लक्ष घातलं. पुरी पन्नास वर्षं ते तसेच होते. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. मोडकी वस्तू टाकून द्यायची नाही, जोडणारा मिळेपर्यंत तिचे तुकडे राखून ठेवायचे, हा धडा मुंबईने असा गिरवला.

इंडिया ऑफिसातली खुर्ची

लंडनला गेल्यावर १८७१ पासून बर्डवुड इंडिया ऑफिसच्या महसूल आणि आकडेवारीच्या खात्यात नोकरीला लागले. १९०२ पर्यंत ते तिथेच होते. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचे दोन-अडीचशे वर्षांचे कागद धूळ खात पडले होते. ते चाळून त्यांनी १८७९ मध्ये त्यावर अहवाल लिहिला. कंपनीने इथून काय नेलं, किती दामाला नेलं, हे त्यांनी त्या कागदांत वाचलं.

१८७८ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. युवराज १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात आले होते, तेव्हा राजेरजवाड्यांनी दिलेले नजराणे तिथे मांडले होते. त्या दालनाची माहितीपुस्तिका बर्डवुड यांनी लिहिली. तीच वाढवून १८८० मध्ये हिंदुस्थानच्या कारागिरीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या माहितीग्रंथांच्या मालेत तो छापला गेला. तांबटकाम, सोनारकाम, विणकाम, लाकूडकाम, कुंभारकाम, सगळं त्यात आहे. पण गालिच्यांच्या प्रकरणात लेखकाचा सूर चढतो. तिथे तो माहिती देत नाही, फिर्याद मांडतो.

मच्छलीपट्टणचा हिशेब

आधी एक फरक समजून घ्यायला हवा. आपल्याकडे सतरंजी आणि गालिचा हे शब्द कधीकधी एकमेकांच्या जागी वापरले जातात. सतरंजी, जमखाना, दरी हे सपाट विणकाम. ताण्यातून बाणा फिरवला की झालं. गालिच्यात ताण्याच्या दोन-दोन दोऱ्यांना लोकरीची एकेक गाठ मारतात, उरलेलं टोक कापतात. गाठींची एक ओळ झाली की आडवा दोरा घालून लोखंडी पंजाने ठोकून बसवायची. मग पुढची ओळ. त्या कापलेल्या टोकांची मऊ लव म्हणजे गालिचा. मुरलेला कारागीर दिवसाला सहा-आठ हजार गाठी मारतो. यंत्राचा काही संबंध नाही. म्हणून गालिच्याच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा मजुरीचा असतो. पैसा वाचवायचा म्हटलं तर कात्री कुठे लागणार, ते इथेच ठरतं.

आंध्रच्या किनाऱ्यावरचं मच्छलीपट्टण हे गालिच्यांचं जुनं गाव. बर्डवुड सांगतात की एके काळी तिथला माल देशातल्या उत्तम मालात मोजला जाई. मग विलायती आयातदार आले. मागणी मोठी आली, पण भाव पाडून आली. व्यापाऱ्याने आधी कच्चा माल बदलला. गालिच्याच्या पायाला घट्ट पीळ दिलेलं सूत जायचं, त्या जागी विलायती सुतळी आली. ग्राहकाला ती दिसत नाही, कारण पाया लवेखाली झाकलेला असतो.

पाया हलका झाला तशी नक्षीही बिघडली. जुन्या गालिच्यात प्रत्येक फुलाला, पानाला बारीक कड असे आणि ती कड शेजारच्या रंगांना शोभेल अशा रंगाची निवडलेली असे. म्हणजे एका गालिच्यात कडेचेच अनेक रंग. त्याला वेळ लागतो, रंगाऱ्याला जास्त घाणे काढावे लागतात. व्यापाऱ्याला माल लवकर हवा होता. मग सगळ्या कडा सरसकट जाड काळ्या झाल्या. रंग कमी, काम झटपट, दाम कमी.

हे सगळं कारागिराची अक्कल कमी पडली म्हणून झालं नाही. त्याला तेवढाच दर मिळत होता. आगाऊ रक्कम व्यापाऱ्याची, सूत व्यापाऱ्याचं, नमुनाही व्यापाऱ्याने दिलेला. विणकराच्या हातात फक्त हात उरले. विलायतेतले लोक म्हणायचे की हिंदुस्थानी कारागीर आता पूर्वीसारखा राहिला नाही. बर्डवुड यांनी त्या लोकांना त्यांच्याच पावत्या दाखवल्या. स्वस्त मागितलंत, स्वस्त मिळालं.

निजामाच्या मुलखातल्या वरंगळचंही तेच. वरंगळचे गालिचे १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात गेले होते आणि तिथे नावाजले गेले होते. त्या नावाच्या जोरावर मागणी वाढली आणि वाढलेल्या मागणीनेच पुढे माल उतरवला.

रंगाची बाटली

दुसरं संकट बाटलीतून आलं. १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला. तिथून रासायनिक रंगांची रांगच लागली. आपल्याकडचा रंगारी मंजिष्ठेच्या मुळापासून लाल, निळीपासून निळा, हळदीपासून आणि डाळिंबाच्या सालीपासून पिवळा काढत असे. तुरटी चढवायची, उकळायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, असं दिवसचे दिवस काम चाले. नवा रंग पाण्यात टाकला की तासाभरात लोकर तयार.

पण सुरुवातीचे हे रंग कच्चे होते. उन्हाने उडत, पाण्याने पसरत. मंजिष्ठेचा लाल पन्नास वर्षांनी मऊ होतो, पण लालच राहतो. तो झगझगीत जांभळा मात्र थोड्या वर्षांत मळकट राखाडी व्हायचा. जुन्या गालिच्याची दुरुस्ती करणारे आजही याच खुणेवरून वय ओळखतात. लव बोटांनी बाजूला करून मुळाशी बघायचं. मुळाशी गडद जांभळा आणि टोकाला राख असं दिसलं तर तो गालिचा पर्किनच्या शोधानंतरचा. जुने रंगही निर्दोष होते असं नाही. लोखंड घालून केलेला काळा-तपकिरी रंग लोकरीला हळूहळू खातो, म्हणून जुन्या गालिच्यात काळ्या रेघा खोलगट झालेल्या दिसतात. पण एकूण पारडं जुन्या रंगांचंच जड.

बर्डवुड या नव्या रंगांच्या विरोधात उभे राहिले. मुंबईत असताना त्यांनी ज्या मुळांची आणि सालींची यादी केली होती, तिचा बाजारच आता उठत होता. रंगाऱ्याचा धंदा गेला, त्याला मंजिष्ठ पुरवणाऱ्याचा गेला, आणि गालिच्याचं आयुष्यही कमी झालं.

तुरुंगातला माग

त्यांचा सगळ्यात कडक वार मात्र सरकारवर होता, आणि ते स्वतः सरकारचे नोकर होते. एकोणिसाव्या शतकात सरकारने तुरुंगांत गालिचे विणायला सुरुवात केली. लाहोर, आग्रा, पुण्याजवळचं येरवडा, अशा कितीतरी ठिकाणी. जबलपूरला तर पकडलेल्या ठगांना आणि त्यांच्या पोरांना कामाला लावण्यासाठी कारखानाच काढला होता. कैद्याला हुन्नर येतो, तुरुंगाचा खर्च निघतो, म्हणून सरकार खूश.

येरवड्याची गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे. विजापूरच्या आसार महालात आदिलशाहीच्या काळापासूनचे गालिचे जपून ठेवलेले होते. त्यांची नक्षी उतरवून येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या नकला विणल्या जात. त्या मूळ गालिच्यांपैकी काही आज गोलघुमटाजवळच्या म्युझियममध्ये आहेत. झिजलेले, विरलेले, पण रंग अजून बोलतात.

बर्डवुड यांचा मुद्दा साधा होता. कैद्याला मजुरी द्यावी लागत नाही. जागेचं भाडं नाही, पोटाचा खर्च सरकारी तिजोरीतून. असा माल बाजारात आला की बाहेरच्या विणकराने कुठल्या भावाला विकायचं? त्याला बायकापोरं पोसायची आहेत, सूत विकत घ्यायचं आहे, सावकाराचं व्याज भरायचं आहे. ज्याने गुन्हा केला त्याच्या हातून, ज्याने काही केलं नाही त्याचा धंदा सरकार बुडवतंय, असा हा उलटा न्याय. शिवाय कैदी काही पिढीजात विणकर नसतो. समोर नमुना ठेवतात, तो गाठी मोजून उतरवतो. चूक झाली तरी चूक म्हणून त्याला कळत नाही. तीच चूक शंभर नगांत जाते आणि विलायतेत तोच हिंदुस्थानी गालिचा म्हणून ओळखला जातो.

सरकारने लगेच काही माग बंद केले नाहीत. विंझर राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनासाठी राणी व्हिक्टोरियाचा प्रचंड गालिचा विणला गेला तोही आग्र्याच्या तुरुंगात. १८९४ मध्ये तो तिथे पोचला. वजन सुमारे दोन टन. १९९२ मध्ये राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले होते. काम वाईट नव्हतं. पण ते विणणाऱ्यांची नावं कुठे नाहीत आणि त्यांच्यामुळे किती घरांतले माग बंद पडले त्याची नोंदही नाही.

जुन्याला सोनं, नव्याला माती

याच काळात दुसरीकडे एक गंमत चालली होती. नव्या मालाची किंमत उतरत होती आणि जुन्या गालिच्यांची चढत होती. युरोपात श्रीमंत मंडळी जुने गालिचे गोळा करू लागली. लंडनमध्ये व्हिन्सेंट रॉबिन्सन नावाचा व्यापारी या मालातला जाणकार. त्याने १८८२ मध्ये बारा जुन्या गालिच्यांची रंगीत चित्रं असलेलं पुस्तक काढलं आणि त्याला प्रस्तावना बर्डवुड यांनी लिहिली. १८९१ मध्ये व्हिएन्नाला जुन्या गालिच्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यानंतर निघालेल्या भव्य ग्रंथातही बर्डवुड यांचा लांबलचक लेख आहे. गालिच्याची परंपरा किती मागे जाते, ती कशी अखंड आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. त्या वेळी गालिच्याकडे पायपुसण्यापेक्षा थोडी वरची वस्तू म्हणून बघणारे बरेच होते. अशा वस्तूला इतिहास असतो, हे विद्वानांच्या पंगतीत ठासून सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत बर्डवुड होते.

याच रॉबिन्सनच्या हातून जगातला सगळ्यात प्रसिद्ध गालिचा गेला. इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्यातला हा गालिचा. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४० साल आणि काशानच्या मकसूदचं नाव विणलेलं आहे. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरहून जास्त, गाठी अडीच कोटींच्या पुढे. एकट्या माणसाने रोजच्या सात हजार गाठींप्रमाणे विणायचा म्हटला तर दहा वर्षं लागतील. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस याने पाहणी करून शिफारस केली आणि १८९३ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियमने लोकवर्गणीची मदत घेऊन २,००० पौंडांना तो घेतला.

पण आतली गोष्ट वेगळी होती. दर्ग्यातून एक नव्हे, दोन जोडीचे गालिचे आले होते. दोन्ही झिजलेले. दुरुस्तीत एकाचा भाग कापून दुसऱ्याला लावला गेला. लंडनचा गालिचा पुरा दिसावा म्हणून त्याच्या जोडीदाराची किनार गेली. तो उरलेला दुसरा गालिचा गुपचूप अमेरिकेच्या श्रीमंताकडे गेला आणि फिरत फिरत १९५३ मध्ये लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये पोचला. आज जुन्या गालिच्याची दुरुस्ती करणारा असं करणार नाही. तुटलेल्या ताण्याच्या जागी नवा दोरा ओवायचा, त्याच जाडीची हाताने कातलेली लोकर घ्यायची, रंग जुळवायचा आणि गाठ गाठ करून भोक भरायचं, ही पद्धत. तळहाताएवढ्या भोकाला आठवडे लागतात. जिथे नक्षी काय होती हे कळत नाही, तिथे मनाने फूल न काढता नुसतं कापड लावून आधार द्यायचा.

विरोधाभास असा, की ही दुरुस्ती करायला तेच हात लागतात, जे स्वस्ताईने माग सोडून गेले. संग्राहक जुन्या गालिच्याला हजारो पौंड मोजत होता आणि ज्याला तो विणता आला असता, दुरुस्त करता आला असता, तो विणकर गिरणीत मजुरीला जात होता. बर्डवुड यांची सगळी धडपड या एका गोष्टीभोवती होती. वस्तू वाचवायची तर ती करणाऱ्याचं पोट आधी वाचलं पाहिजे.

जिथे ते चुकले

इतकं सगळं कळणारा हा माणूस एका ठिकाणी फार मोठा घसरला. १३ जानेवारी १९१० ला लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांचं हिंदुस्थानी कलेवर भाषण होतं. अध्यक्षस्थानी बर्डवुड. तेव्हा त्यांचं वय ७७. त्यांनी भर सभेत सांगितलं की हिंदुस्थानात कारागिरी आहे, पण चित्र-शिल्पासारखी उच्च कला नाही. जावा बेटावरच्या ध्यानस्थ बुद्धाच्या मूर्तीचा फोटो पुढे आला, तर त्यांनी तिची बरोबरी उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली.

गदारोळ उठला. विल्यम रोदेन्स्टाइन यांच्यासह तेरा कलावंत आणि समीक्षकांनी सही करून २८ फेब्रुवारीच्या टाइम्समध्ये निषेधाचं पत्र छापलं. त्याच खळबळीतून लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. याच संस्थेने दोन वर्षांनी रवींद्रनाथ ठाकुरांची इंग्रजी गीतांजली पहिल्यांदा प्रसिद्ध केली.

खेड्यातल्या कारागिराचं त्यांनी रंगवलेलं चित्रही एकांगीच. कुंभार चाकावर, विणकर अंगणात, सगळे सुखात, जातीच्या चौकटीमुळे हुन्नर टिकला, असं ते लिहून गेले. त्या चौकटीत कोणाला किती मान होता, कोणाला पाणवठा बंद होता, सावकाराच्या वहीत कोणाचे अंगठे होते, हे त्यांनी पाहिलं नाही. विणकराचे हात त्यांना प्रिय होते. त्या हातांमागचं डोकं कलावंताचं असू शकतं, हे मान्य करायला मात्र साहेब तयार नव्हते.

तरीही त्यांचं हिशेबाचं म्हणणं खोटं ठरत नाही. १८८१ मध्ये त्यांना नाइट हा किताब मिळाला, १८८७ मध्ये के.सी.आय.ई. झाले. १९१५ मध्ये त्यांच्या लेखांचा संग्रह निघाला, त्याचं नाव 'स्व'. संस्कृतातलं, मराठीत रोज वापरातलं एक अक्षर. २८ जून १९१७ ला लंडनजवळच्या ईलिंगला ते वारले. वय ८४.

आज काय उरलंय

मच्छलीपट्टणचा गालिचा आज म्युझियममध्येच बघावा लागतो. वरंगळमध्ये गालिच्याची जागा सतरंजीने घेतली. तिथल्या सतरंज्यांना २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदला आजही बाया उभ्या मागावर जमखाने विणतात. आपले पूर्वज आदिलशाहीच्या काळात विजापूरकडून आले, असं तिथली विणकर घराणी सांगतात. त्यांनाही जीआय मिळालं आहे. पण मानांकनाचा कागद भिंतीवर लागतो, सुताचा भाव तो भरत नाही. नवलगुंदच्या नक्षीची यंत्रावर छापलेली नक्कल बाजारात निम्म्याहून कमी दामाला मिळाली, तर खरा जमखाना कोण घेणार? तुरुंगाच्या जागी यंत्र आलं, एवढाच फरक. बेळगावात शहापूर-वडगावच्या विणकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

घरात आजोबांच्या वेळचा गालिचा किंवा जमखाना असेल तर तो उलटा करून बघावा. हातमागाचा असेल तर पाठीवरही तीच नक्षी स्पष्ट दिसते, ओळी थोड्या वाकड्या असतात आणि झालर ही ताण्याचीच सुटलेली टोकं असते, वरून शिवलेली नसते. असा नग सापडला तर तो कोरड्या जागी गुंडाळून ठेवावा, घडी घालू नये, कारण घडीवर ताणा तुटतो. वर्षातून दोनदा तरी उलगडून सावलीत झटकावा. कसर लागली असेल तर ती तेव्हाच कळते.

आणि नवा घ्यायचा झाला, तर भावात घासाघीस करण्याआधी तो विणायला किती दिवस लागले हे विक्रेत्याला विचारावं. त्या दिवसांनी किमतीला भागून बघावं. रोज किती पडला ते लगेच कळतं. बर्डवुडसाहेबांनी लंडनच्या व्यापाऱ्यांना हाच हिशेब घातला होता.